नाव टाकताना

कपाटात बसून मी नावं घेते,
परक्या पुरुषांची, उखाण्याशिवाय.
नवरा मोम्बासाला, त्याचे कोट इथे,
दोन ब्लँकेटं, पायाशी चपलांचा ढीग,
मायक्रोफोनला धाकट्याचा मोजा चढवलेला.

बाहेर किसुमू. कोंडेलेच्या नाक्यावर
बोडाबोडावाले भांडतायत.
शेजारच्या अपियोचा कोंबडा वेळकाळ बघत नाही.
त्याला गप्प करायला मूठभर मका टाकते,
पाचशे शिलिंगात तेवढा धरलेलाच असतो.

फोनवर ऑर्डर येते:
डीजे मोटो. तीनदा.
पहिल्यांदा कुजबुजल्यासारखं,
दुसऱ्यांदा पत्रे उडाल्यासारखं,
तिसऱ्यांदा असं, की मी कधीच मोठा झालोय.
मी लिहिते, तिसऱ्याचे जास्त पडतील.

नावाआधी मी श्वास घेते, तो कापावा लागतो.
गिऱ्हाइकाला नाव हवं असतं, बाई नको.
आवाज खाली खेचला की मी पुरुष होते,
आणखी खेचला की चढावरचा ट्रक.
उलटा फिरवला तर थेट सासूबाई.
शेवटच्या अक्षराला प्रतिध्वनी,
टो… टो… टो…
रिकाम्या इमारतीचा जिना उतरत जावा तसा.
मग भोंगा.
भोंग्याशिवाय कुणी पैसे सोडत नाही.

शनिवारी आहेरोच्या मटाटूत मी उभी.
स्पीकर सीटखाली, पोटऱ्यांत थरथर.
एक गाणं दुसऱ्यावर चढतं
आणि त्या सांध्यात
मी.
कंडक्टर दाराला लोंबकळत माझीच नक्कल करतो,
टो टो टो,
आणि मला म्हणतो, ताई, सुटे काढा.

वर्षभर असंच.
मग मंगळवारी रात्री पुन्हा त्याचाच मेसेज.
या वेळी डीजे नको. मोटो नको.
नुसतं ओकुमू.
भोंगा नको, काही नको.
बाबांनी माझं नाव टाकलंय, त्याने लिहिलं,
चर्चमध्ये सगळ्यांसमोर. तीन महिने झाले.
घरी आता मला 'तो' म्हणतात.

मी कपाटात गेले.
ओकुमू. जाहिरातीसारखं वाटलं.
ओकुमू. पोलीस हजेरी घेतात तसं.
हळू म्हटलं तर कुणी आजारी असल्यासारखं.
हजारेक नावं घेतलेलं हे तोंड,
एक साधी हाक मारता येईना.
नाव टाकायचे पैसे मी घेते,
टाकलेलं उचलायचं कुणी शिकवलं नव्हतं.

मोजा काढला. कपाटाचं दार उघडं टाकलं.
पातेलं चुलीवर होतं, उगाली करपायला आलेली,
धाकटा अंगणात कुठेतरी,
त्याला बोलवावं तशी बोलवून बघितली,
ओकुमू,
आणि मागोमाग कोंबडा.

अकरा वेळा रेकॉर्ड केलं, अकराही पाठवले.
त्याने कोंबड्याचाच ठेवला.
श्वाससुद्धा कापू नका म्हणाला.

पैसे आले, पूर्ण पाचशे.
दोनशे परत केले.
इफेक्ट लावलाच नव्हता.