एकशे अठरा

रविवारी रात्री वखारभागात, हळदीच्या गोदामावरच्या खोलीत
आम्ही बेसबॉलची लीग चालवतो. आठ संघ, एक लॅपटॉप,
आणि तौफिक मुजावरची वही,
कारण लॅपटॉपवर त्याचा विश्वास नाही.

माझा संघ जतचा. क्षेत्ररक्षणात आठवा.
खेळात आलेल्या शंभर चेंडूंवर
माझी पोरं सहासष्ट बाद करतात, त्याचं आष्टा त्र्याहत्तर.
"हाताला तेल लावून उतरतात काय?" तो विचारतो
आणि शेंगा फोडत बसतो.

मैदानं आम्हीच भरली, जूनमध्ये, दोन रात्री जागून.
आष्ट्याची भिंत जवळ. चेंडू उंच गेला की पलीकडच्या उसात,
आणि उसात गेलेला चेंडू कुणाच्या खात्यावर चढत नाही.
आतला चेंडू काळ्या मातीत दमतो, हातात येऊन बसतो.
जतला जागेला काय तोटा? भिंत लांब ठेवली.
दोन पोरांच्या मधोमध चेंडू पडतो,
दोघंही धावतात, वहीत पडतं: सुटला.
मुरमाचा रकाना मी भरला.
चुका: शंभराच्या जागी एकशे अठरा.

त्या मुरमावर मी उभी होते, सत्त्याण्णव साली,
शाळेच्या सॉफ्टबॉल संघात, शॉर्टस्टॉपला, भावाच्या बुटांत.
सरळ येणारा चेंडू खड्याला लागला की
कधी हनुवटीवर, कधी थेट
लिंबाखाली बसलेल्या शेळ्यांत.
जिल्हा निवडीला सांगलीत आले तर टेबलावर कागद आधीच पोचलेला:
बिरादार महादेवी. सामने अकरा. चुका चौदा.
बाईंनी कागद पाहिला.
इथलं मैदान हिरवं होतं. तासभर एकही सुटला नाही.
तो तास कुठल्याच कागदावर नाही.

आज घरचे आकडे वेगळे काढले, बाहेरचे वेगळे.
घरी साठ, बाहेर बाहत्तर.
मैदानाने भागून पाहिलं तर आठवा संघ तिसरा.
तौफिकने पेन्सिलीने पुन्हा मांडलं.
"चौथा. हातचा विसरलीस."
मग चष्मा काढून, "हे एकशे अठरा आणलंस कुठून?"

मी बोलले नाही.
तो चहा सांगायला खाली गेला तेव्हा
वहीच्या मागच्या पानावर चौदाला भागलं.
अकरा पूर्णांक शहाऐंशी.
म्हणजे बाराच. बारासुद्धा पुष्कळ होतात.
एकशे चाळीस घातले असते तर दहा आले असते.
रकाना उघडा होता, कर्सर लुकलुकत होता,
आणि खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

पान फाडलं नाही. आकडाही हलवला नाही.

पुढचा सामना जतला, घरी.
शॉर्टस्टॉपला मी दोन पावलं
मागे उभं केलं.