उधारी

किसुमूला सरोवराकाठी अपोंडी मासे तळते.
नवा हवालदार येतो, टोपी काढून बाकावर टेकतो.
छातीवर नावपट्टी ठळक –
त्या रात्री आलेल्यांनी नावांवर चिकटपट्टी लावली होती.

ओडेराच्या मरणाची सुनावणी आज पुन्हा पुढे गेली.
ठाण्याच्या नोंदवहीत ती तारीखच नाही;
शिवणीत अडकलेला फाटक्या पानाचा दात तेवढा.

"पाकीट घरी राहिलं, मावशी. उद्या देतो."

देईलही. लेकाच्याच वयाचा.
याने काही केलेलं नाही.

ती मासा निथळवते, कागदावर ठेवते
आणि कागद स्वतःकडे ओढून घेते.

"राग तुझ्यावर नाही रे.
पण तुझ्या खात्याकडून
माझं आधीचंच येणं आहे."

तो टोपी गुडघ्यावर फिरवत राहतो.
मासा निवतो.