अठ्ठावन्न

खिडकी मी बनवत नाही.
मी फक्त फंक्शनची सही लिहिते:
कुठली झडप, किती दाब, किती टक्के उघडायची.
प्रत्येकापुढे त्याचा प्रकार, त्याची हद्द.
त्यावरून चौकोन, बटणं, लाल अक्षरं
आपोआप उगवतात टॅबलेटवर,
इथे सोहारला, समुद्र गोडा करायच्या कारखान्यात.

दाब: शून्य ते सत्तर. आकडाच हवा.
'साठेक' चालणार नाही. 'कालच्याएवढा' चालणार नाही.
रिकामं तर नाहीच नाही.

रात्रपाळीला मुनाफ परकार.
दापोलीकडचे, बावीस वर्षं याच पंपांपाशी.
आवाजावरून दाब सांगतात,
मग मीटर बघतात,
मीटर चुकलंय का ते.

हमूदच्या पाळीतला अरबी कीबोर्ड तसाच राहिला होता.
त्यांनी दाबलं: ٥٨
खिडकी म्हणाली: इनव्हॅलिड.

परकार बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले.
"माफीच्या वर्षी भावाच्या कार्डावर हेच आलं होतं.
काउंटरवरच्या पोरीनं वाचूनसुद्धा दाखवलं नाही,
काच आमच्याकडे वळवली फक्त."
मग म्हणाले, "अठ्ठावन्न कुठल्याही लिपीत लिही गो बाय,
पाणी तेवढंच खारं."

मी कोड उघडला.
पायथनला ٥٨ कळत होतं.
५८ सुद्धा कळत होतं,
माझ्या पाटीवरचं, मी न शिकवता.
58 तेवढंच खरं, हा नियम माझा.
मागच्या आठवड्यातली एक ओळ,
घाईत कुठूनतरी उचललेली.

ती काढली.

परकारांनी लगेच ५८० दिलं. मुद्दाम.
लाल.
"हां, ह्याला अडवायलाच हवं. मेंब्रेन फाटलं असतं."

शब्द राहिला होता.
तो खिडकीत बदलून उपयोग नव्हता,
खिडकी उद्या पुन्हा उगवेल
हातानं लिहिलेलं सगळं पुसून.
म्हणून दाबाच्या व्याख्येतच लिहिलं, मुळाशी,
दोन्ही भाषांत:
शून्य ते सत्तरमधला आकडा द्या.
'कृपया' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

पहाटे साडेतीनला, करकचा कागदी कप डाव्या हातात,
परकारांनी एका बोटानं पुन्हा दाबलं: ٥٨
पंपाचा सूर थोडा उतरला.
ते मान कलती करून ऐकत राहिले.
मग मीटर बघितलं.