सहकर्जदार

दत्तवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांतून
रोज बासष्ट डबे नव्या पेठेत जातात,
स्पर्धा परीक्षेच्या पोरांना.
जत, किनवट, परतूर, कुठकुठली पोरं.
कुणाचे घरून पैसे उशिरा येतात,
कुणाचे येतच नाहीत.
उधारीवर डबा कुणाला द्यायचा, ते मी ठरवते.
माझं एकच माप:
जो डबा विसळून परत पाठवतो
तो पैसे बुडवत नाही.
एकोणीस वर्षांत दोनदाच चुकले.

टिळक रोडच्या बँकेत मात्र
माप दुसऱ्याच्या हातात होतं.

"आर्किटेक्चर, पाच वर्षं," अनुजा म्हणाली
आणि फीचा कागद पुढे सरकवला.
कुलथे साहेब तिच्याहून फार तर दहा वर्षांनी मोठे.
म्हणाले, "कर्ज मुलीच्या नावे.
पण सोबत आईवडलांपैकी कुणीतरी लागेल. सहकर्जदार."
सह हे मी आजवर
लग्नपत्रिकेतच वाचलेलं,
सहकुटुंब, सहपरिवार,
आणि खाली जेवणाची वेळ.

आधी ह्यांचा नंबर काढला.
स्क्रीनवरून नजर उचलून साहेबांनी
रिपोर्ट आल्यावर डॉक्टर बघतात
तसं ह्यांच्याकडे बघितलं.
साडूच्या टेम्पोला हे कधीकाळी जामीन राहिले होते.
टेम्पो गेला, साडू बोलायचा बंद झाला,
आकडा तेवढा ह्यांच्या नावाला चिकटून राहिला.
ह्यांनी खुर्ची जरा मागे घेतली.
घ्या, असं कुणी म्हटलं नव्हतं.

"मग मॅडम, तुमचं उत्पन्न?"
"दिवसाला तीनशे बहात्तर पोळ्या."
अनुजानं टेबलाखालून माझा पाय दाबला.
"त्याला पुरावा काय?"
मनगटावर तव्याचे चटके आहेत, जुने, नवे.
हात पुढे केला नाही.
तेवढं कळतं मला.

मग दीड महिना मी कागद गोळा केले.
उद्यमचा दाखला, सीएकडून रिटर्न,
पासबुकाच्या झेरॉक्स, ज्यात पोरांचे
साडेतीनशे, नऊशे, कधी नुसते पन्नास.
आधारवर शैलजा, शाळेच्या दाखल्यावर शैला,
म्हणून स्टँपपेपरवर लिहून दिलं
की त्या दोघी मीच.

सह्या बावीस ठिकाणी.
साहेब माणूस बरा, आकडे फोडून सांगत होता.
शिकतेय तोवर हप्ता नाही, वर एक वर्ष सूट,
व्याज मात्र पहिल्या पैशापासून चढणार.
"हप्ते सुरू होतील तेव्हा तुम्ही त्रेपन्न.
संपतील तेव्हा त्रेसष्ट.
आणि हिनं नाही भरले,
तर आम्ही तुमच्याकडे येणार."
या की, जेवूनच जा,
असं तोंडावर आलं होतं.

चार वाजले होते. कणीक भिजायची होती.
बासष्ट जणांना काय सांगणार, आज बँकेत गेले होते?

अनुजाचं सह्यांकडे लक्षच नव्हतं.
काचेपलीकडच्या एका इमारतीकडे बघत म्हणाली,
"ह्यांनी गॅलरी चुकीच्या बाजूला काढलीय, आई.
ऊनच येणार नाही."
मी बघितलं. मला गॅलरीच दिसली,
वाळत घातलेल्या टॉवेलासकट.

शेवटच्या पानावर पेन अडलं.
ही पोरगी पाचवीपासून आजपर्यंत
डबा तसाच घरी आणते.
कडेला वाळलेली शितं, झाकण दप्तराच्या तळाशी,
चमचे तर किती हरवले असतील.
माझ्या वहीत तिला
एक दिवस उधारी मिळाली नसती.

साहेबांनी ते विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.
पेन झटकलं,
आणि आधारवर आहे तसंच,
शैलजा.