शीट सतरा

रासईच्या यार्डात, पत्र्याच्या ऑफिसात
मी एक फेरीबोट क्रमवार लावतेय.
बोट बाहेर स्लिपवेवर, गंज खरवडायला काढलेली.
तिचे निळे कागद स्कॅन करून
एकाच फाइलीत कोंबलेले, क्लाउडवर चढवलेले.
घड्यांच्या जागी निळा उडून
पांढऱ्या पाणंदी पडल्यात.

सॉफ्टवेअर म्हणतं, क्रमांकाचा चौकोन दाखवा,
बाकी मी वाचून घेईन.
मी उजव्या कोपऱ्यात खाली चौकोन ओढते.
ते वाचतं, भराभर,
आणि पहिल्या शीटचं नाव ठेवतं सात.
अकराचं सत्त्याहत्तर.

चूक त्याची नाही.
फेर्मीन कुलासो यांचा एक तसाच असायचा,
कपाळावरून लांब झुलूप सोडलेला.
आणि सात हा सातच आहे हे कळावं म्हणून
त्याच्या कमरेला आडवी पट्टी.
पोर्तुगीज शाळेत पाटीवर गिरवलेले आकडे,
पुढे सगळं बदललं, आकडे तेवढे तसेच.
पट्टीचा सात यंत्राला एफ वाटतो.

मी एकेक सुधारते.
एक : सर्वसाधारण मांडणी.
चार : रॅम्पचे बिजागर.
सात, खरा सात : इंजिनखोली, वरून.
अकरा : कठडा. रिव्हिजन सी, चार इंच खाली.
आणि कारणाच्या रकान्यात बारीक अक्षरांत :
बसलेल्याला नदी दिसत नाही.

पुण्याहून निनाद त्याच फाइलीत शिरतो.
त्याचा केशरी बाण, गळ्यात नावाची चिठ्ठी,
रॅम्पच्या टोकाला येऊन थांबतो
जसा एखादा स्कूटरवाला
बोट टेकायच्या आधीच किक मारून तयार.
"सतरा नाहीये," तो लिहितो.

सोळा आहे. अठरा आहे.
यादीत सतरासमोर नुसती रेघ.
ट्रेसिंगच्या नळ्या झटकून झाल्या,
एकीतून पाल निघाली, दुसरीतून टेंडरची पावती.
मग कुडतरीला फोन लावला.

"सतरा?" मागे कुणीतरी नारळ फोडत होतं.
"बाये, ती काढलीच नाय.
छप्पर होतं ते, उभ्या लोकांवरचं.
खातं म्हणालं, दहा मिनिटांची नदी, छप्पर कशाला?
मी म्हटलं, बरं.
पण अठराची सतरा नाय केली.
जागा धरून ठेवली. मागेल कोण तरी."
"किती वर्षं झाली?"
"तू मोज. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू."

मोजली. एकतीस.

मी एक कोरी शीट घातली, चौकटीसकट.
क्रमांक सतरा. नाव छप्पर. प्रमाण, अजून नाही.
'रेखाटले'च्या घरात कर्सर लुकलुकत राहिला.
माझं नाव लिहिलं, पुसलं,
एफ. के. लिहिलं, तेही पुसलं.
निनाद : "रिकामी आहे. उडवू?"
"नको."
"कारण?"
कारण लिहिल्याशिवाय शेरा मिटत नाही,
असा इथला नियम.
मी शेरा उघडाच ठेवून लॅपटॉप मिटला.

पाचच्या फेरीनं दुर्भाटला निघाले.
ही तिचीच बहीण, त्याच बावीस,
म्हणजे एकवीस शीटांवरून बांधलेली.
एप्रिलचं ऊन तिरपं, सरळ डोळ्यांत.
बोटीचा खिळा न् खिळा आज क्लाउडवर आहे
आणि डोक्यावर ढगाचं बोटभर चिंधूक नाही.
हेल्मेटं काढलेली माणसं घामेजून उभी,
एका बाईनं शाळेचं दप्तर
पोराच्या टाळूवर धरलेलं,
पोर कठड्यावरून नदी बघतंय.
बसूनच. चार इंच खाली.

फोन वाजतो. निनाद :
"ठीक, राहू दे. पण खांब कुठे उभे करणार?
मधे आले तर गाड्या अडतील."

खरंच की.
मी पर्स काखेत मारते
आणि कठडा वितीनं मोजायला लागते,
फ्रेम नऊपासून.