दोन हिसके

आजोबांनी युद्धावरून आणलं ते एवढंच:
पोचे आलेला एक मग,
डाव्या कानात कायमची रातकिड्यांची किरकिर
आणि हिंदुस्तानी आकडे, सोळापर्यंत.
सतराव्याला ते आपल्या भाषेत परतत.

शिवणयंत्र मागाहून आलं,
फौजेने हातावर टेकवलेल्या पैशांतून.
मांगोचीच्या बाजारात, वाळत घातलेल्या उसिपा माशांच्या वासात
दुकानाच्या ओट्यावर बसून ते पाय चालवत.
लोक म्हणत, बिलियाती सार्जंट.
ते दर वेळी मान वर न करता सांगत,
शिपाई. नुसता शिपाई.

रात्री माझ्या पायाच्या अंगठ्याला दोरा बांधत.
दुसरं टोक त्यांच्या मनगटाला,
मधे मातीची भिंत, भिंतीला बोटभर भोक.
एक हिसका: जागी आहेस?
दोन हिसके: आहे.
मला वाटायचं, सगळेच आजोबा हा खेळ खेळतात.
शाळेत विचारलं तर मेरिफा नुसतीच बघत राहिली.
तिचे आजोबा दक्षिणेला सोन्याच्या खाणीत गेले होते,
दोरा पुरला नसता.

बोलले ते एकदाच,
माझ्या गणवेशाची दुमड उसवता उसवता.
ब्रह्मदेशात, नदीच्या अलीकडे,
एका खंदकातून दुसऱ्या खंदकात वेल ताणलेली असे.
बोलायचं नाही. खोकला आला तर माती तोंडात धरायची.
पलीकडच्या टोकाला कासिमु, फालोंबेचा,
घोरतो म्हणून तीनदा शिक्षा झालेला.
त्या रात्री एक हिसका दिला, दोन आले.
रात्रभर देत राहिलो, रात्रभर येत राहिले.
उजाडल्यावर साहेब म्हणाला,
हा तर काल दिवेलागणीलाच गेलाय.
अंग ताठ. वेल मुठीत.

मग दोन कुणी दिले, मी विचारलं.
आजोबांनी दातांनी दोरा तोडला.
उभी राहा, म्हणाले, लांबी बघू दे.

दर नोव्हेंबरला बस धरून आम्ही झोम्बाला जायचो.
मनोऱ्यापाशी नावं वाचली जात.
वाचणारा अधिकारी दर वर्षी नवा,
कासिमुच्या नावातली चूक मात्र जुनीच.
कागदावरच चुकलेलं होतं ते, आणि कागद कुणाचा
हे कुणालाच ठाऊक नव्हतं.
आजोबा टोपी काखेत धरून,
ओठ जेमतेम हलवत म्हणत,
हजर.
परतीच्या बसमध्ये उकडलेल्या शेंगा सोलून
माझ्या तळहातावर दाणे ठेवत.
मोजून सोळा.

यंत्र आता चुलतभावाकडे आहे, गंजलंय म्हणतो.
मगात माझी मुलगी रंगाचे ब्रश बुडवते.
गेल्या उन्हाळ्यात घराच्या भिंती सिमेंटच्या केल्या.
त्या भोकापाशी गवंडी थापी घेऊन थांबला.
म्हटलं, एवढं राहू दे.
उंदीर येतील बाई, तो म्हणाला.

येऊ देत.