एक दिवसाआड

राऊच्या अलीकडे, आमच्या शेडमध्ये,
मेणाच्या पिंपातून लांब चिमट्यानं स्रोत काढायचा,
तिपाईवर ठेवायचा. समोर मीटरभरावर
हेलियमची नळी.
मग दोरीमागे जाऊन बसायचं.
प्रमाणपत्र सांगतं, इतके निघाले.
नळी सांगते, इतके भेटले.
भागाकार करायचा. एवढंच काम.

विद्युतभार नसलेला कण,
कुणाशी देणं नाही, घेणं नाही,
शिशातून असा जातो, जसे आपण
चुकीच्या लग्नमांडवातून जातो
कुणी ओळखायच्या आत.
शंभरातले अकरा सापडले तर नळी बरी.
उरलेल्या एकोणनव्वदांसाठी अहवालात रकाना नसतो.

मे महिना. सोमवारी अकरा पूर्णांक दोन.
मंगळवारी दहा पूर्णांक सहा.
बुधवारी पुन्हा अकराच्या वर.
केबल बदलली. व्होल्टेज तपासलं.
मध्ये छाया-शंकू उभा करून
भिंतींवरून परतणारे वेगळे मोजले,
तर तेच एक दिवसाआड वाढत होते.
पागनीस सर चष्मा पुसत म्हणाले,
कण खोटं बोलत नाहीत, खोली बोलते.

तेव्हा कुठे मी खोलीकडे पाहिलं.

प्लायवुडच्या पलीकडे, नियमाप्रमाणे बाहेरच,
ओंकारलालचा माठ,
गळ्याभोवती ओलं फडकं.
नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं.
त्या सकाळी तो काठोकाठ असतो,
दुसऱ्या दुपारी ओगराळं तळाला घासतं.

पंपामागून पंप, घाट चढून आलेलं पाणी,
त्यातला हायड्रोजन
निसटून चाललेल्यांना अडवतो, दमवतो,
काहींना परत पाठवतो नळीकडे.
आठवडाभर मी आलेखावर
बावीस माणसांची तहान काढत होते
आणि तिला डिटेक्टरचा दोष म्हणत होते.

ओंकारलालला सांगितलं.
त्यानं आधी माठाकडे पाहिलं, मग नळीकडे,
मग माझ्याकडे, जरा जास्तच वेळ.
"पाणी तो पीणो पड़े, मैडम."
दोघांनी धरून जिन्याखाली नेला.
थोडं सांडलं, माझ्या चपलेवर.

आता रोज दहा पूर्णांक पाच.
रेघ सपाट, अहवाल गेला,
माठाचा उल्लेख सरांनी खोडला.

तरी पाणी येतं त्या सकाळी
आकडा लिहिण्याआधी
मी एकदा जिन्याकडे जाऊन येते.
पेलाभर पिते.
गार असतं.